काना, वेलांटी आणि बाटलीची बुचं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी संगणकात काम करते म्हणून संयोजकांनी 'उद्याचं तंत्रज्ञान आणि शिक्षण' असा विषय सुचवला होता. तो मी बदलून घेतला. पहिलीतलं मूल वाचायला शिकताना नेमकं कुठे अडतं आणि त्याला खेळता खेळता कसं सोडवता येतं, यावर मी बोलणार आहे. दुपारच्या सत्रात आपली बॅच शाळेला काय भेट देणार ते ठरायचं आहे. त्याआधी हे कानावर घालावं, एवढाच हेतू.

गेली दोन वर्षं मी महिन्यातून दोन शनिवार पुण्याहून येऊन पहिली-दुसरीच्या वर्गात बसते. शिकवणं बाईंचं, मी मदतनीस. आपण बसायचो तोच तो कौलारू वर्ग. बाकं बदललीत, खिडकीचे गज तेच आहेत.

तिथे पहिल्याच दिवशी बाराखडी ऐकली. क का कि की, अगदी आपल्याच चालीत. सगळा वर्ग डोलत म्हणत होता, एकही पोर चुकत नव्हतं. मग बाईंनी फळ्यावर एकटं 'की' लिहिलं आणि एका मुलाला विचारलं, हे काय? तो बोटं मोजायला लागला. क, का, कि... चौथ्या बोटावर आला आणि म्हणाला, की. उत्तर बरोबर. पण त्यानं ते वाचलं नव्हतं, रांगेत मोजून काढलं होतं. मग 'मी' लिहिलं, तेव्हा म पासून पुन्हा मोजणी. अशा मुलाला 'मी शाळेत जातो' हे वाक्य दिलं तर त्याचं काय होत असेल, विचार करा. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

यात बाराखडीचा दोष नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला तर बाराखडी ही अतिशय देखणी रचना वाटते. व्यंजनं चौतीस धरली तर बारा खड्यांनी होतात ४०८ अक्षरं. एकेक पाठ करायचं म्हटलं तर ४०८ चित्रं. पण सुटे भाग किती? ३४ व्यंजनं आणि अकरा खुणा, म्हणजे ४५. (२००९च्या शासन निर्णयानं ॲ आणि ऑ वर्णमालेत आले, म्हणून आता चौदाखडी म्हणतात. तरी भाग वाढले दोनच.) पंचेचाळीस भाग आणि ते जोडायची एक युक्ती हाताशी आली की सगळी अक्षरं आपली. बाराखडी हा तक्ता आहे, आडवा-उभा वाचायचा. आपण त्याचं गाणं केलं आणि मुलांना फक्त आडवी चाल दिली. क, ख, ग, घ यांच्या खाली का, खा, गा, घा अशी उभी ओळ कुणी म्हणवून घेत नाही. ती म्हणवून घेतली तर 'काना लागला की प्रत्येकाचं तेच होतं' हे मुलाच्या आठवड्याभरात लक्षात येतं.

दुसरी गंमत 'ब बदकाचा' याची. चित्राचा आधार चांगला, पण काही मुलांच्या डोक्यात त्या अक्षराचं नावच बदक होऊन बसतं. एकीनं 'बस' हा शब्द मोठ्यानं वाचला, 'बदक-ससा'. आपण हसलो, ती गोंधळली. तिच्या दृष्टीनं तिनं अगदी बरोबर वाचलं होतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं इंग्रजी शाळेत आहेत आणि फोनिक्सच्या वर्गाची फी तुम्ही भरलेली आहे. तिथे प्रश्न वेगळा. इंग्रजीत अक्षरं सव्वीस आणि आवाज चाळीसच्या वर, त्यामुळे एकच अक्षर चार तऱ्हांनी वाजतं. मराठीत तसं फार कमी. चिमणीतला च आणि चाकातला च वेगळा, जहाजातले दोन ज वेगळे, अशी मोजकी ठिकाणं आहेत आणि मुलं ती बोलण्यातूनच शिकून आलेली असतात. आपली अडचण अक्षर आणि मात्रा यांच्या सांध्यात आहे. म्हणून इंग्रजी फोनिक्सची पुस्तकं भाषांतर करून इथे आणण्यात मला अर्थ वाटत नाही. त्यातलं घेण्यासारखं एवढंच की आधी कान, मग हात, मग डोळा.

कानाचा खेळ सगळ्यात स्वस्त, त्याला काहीच लागत नाही. वर्गात गोल करून बसायचं. 'मला या खोलीत प् नं सुरू होणारं काहीतरी दिसतंय.' मुलं शोधतात: पाटी, पिशवी, पंखा, पुस्तक, पेन, पोळीचा डबा. बघा, एकाच प् ला पाच-सहा मात्रा लागल्या आणि अजून आपण खडू हातातही घेतलेला नाही. पा, पि, पु, पे, पो यांत काहीतरी सारखं आहे आणि काहीतरी बदलतंय, हे ज्या मुलाला कानानं कळलं त्याला मात्रा म्हणजे काय हे अर्धं कळलं. मग उलटा खेळ: 'आ'ची टोपी घातलेले शब्द आणा. मामा, काका, वाटी, गाडी. यात चूक-बरोबर पटकन ठरतं आणि एरवी मागे बसणारी मुलं सगळ्यात जोरात ओरडतात.

आता एक वादाची गोष्ट. आपण सगळे आधी बिनमात्र्यांचे शब्द शिकलो: बदक, मगर, कमळ, करवत. नंतर काना, मग वेलांटी. हा क्रम दिसायला सोपा आहे. मला तो कानाला अवघड वाटतो. 'कमळ' लिहिताना तीन अक्षरं, पण टाळ्या वाजवून म्हणा, क-मळ, दोनच पडतात. 'करवत' चार अक्षरं, टाळ्या दोन: कर-वत. आपण बोलताना मधला आणि शेवटचा 'अ' गिळतो. मूल मात्र इमानदारीत क... म... ळ... असं पूर्ण वाचतं आणि त्यातून कमळ काही उगवत नाही. याउलट 'काका' घ्या. दोन अक्षरं, दोन टाळ्या, काहीही गिळलेलं नाही. काका, मामा, बाबा, दादा, मावा, तारा. म्हणून आम्ही पहिल्या महिन्यातच काना देतो. सगळी मुळाक्षरं होईपर्यंत थांबत नाही. क, म, ब, द, त, र, ल एवढी सात अक्षरं आणि एक काना, यांत पहिल्या पंधरवड्यात मूल काहीतरी खरंखुरं वाचतं. हा शोध माझा नाही. मोजकी अक्षरं आणि त्यांच्याबरोबर मात्रा, अशा गटांनी शिकवणाऱ्या शाळा महाराष्ट्रात आहेत. बाईंना मी फक्त विचारलं, करून बघू या का? त्या म्हणाल्या, बघू.

हाताच्या खेळांतला माझा आवडता खेळ सांगते, त्याला आम्ही 'चालती अक्षरं' म्हणतो. एका मुलाच्या गळ्यात 'म'ची पाटी. काना झालेली मुलगी त्याच्या उजवीकडे ताठ उभी राहते, झाला मा. दुसरी वेलांटी उजवीकडे उभी राहून म च्या डोक्यावरून हात वळवते, मी. उकार पायाशी बसतो, मु. मात्रा द्यायला वर्गातलं सगळ्यात उंच पोर मागे उभं राहतं आणि डोक्यावर हात तिरपा धरतं. अनुस्वारासाठी रबरी चेंडू डोक्यावर धरायचा असतो, त्यामुळे अनुस्वार होण्यासाठी भांडणं होतात. समोर बसलेल्या रांगेनं वाचायचं. 'मो' करायचा होता तेव्हा काना आणि मात्रा दोघं आले आणि मात्रेवाला म च्या डोक्यावर हात धरून उभा राहिला. समोरची एक चिमुरडी ओरडली, 'अरे, कान्याच्या डोक्यावर!' आजवर फळ्यावर शंभर वेळा पाहिलेला 'मो' तिला त्या दिवशी दिसला.

पहिल्या वेलांटीची मजा वेगळीच. 'दिवा' म्हणताना द् आधी आणि इ नंतर येतो, पण कागदावर वेलांटी द च्या आधी, डावीकडे. मूल डावीकडून वाचत येतं, पहिली भेट वेलांटीशी होते आणि ते थबकतं. चालत्या अक्षरांत आम्ही द ला आधी उभं करतो, सगळे 'द्' म्हणतात, मग वेलांटीचं पोर मागून पळत येऊन डावीकडे उभं राहतं आणि हात वळवतं. उच्चाराचा क्रम पायांनी सांगितला जातो. आमच्या क्षेत्रातली एक गोष्ट इथे सांगायचा मोह होतो. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर वेलांटी आधी उमटवावी लागायची, कागदावर दिसते तशी. युनिकोडमध्ये मात्र साठवताना द आधी, वेलांटी नंतर, बोलतो त्या क्रमानं. पडद्यावर तिला डावीकडे नेऊन बसवण्याचं काम फाँट आणि अक्षरं मांडणारी आज्ञावली करते. म्हणजे तुमच्या फोनमध्येही वेलांटीचं पोर मागून पळत येऊन पुढे उभं राहतं. ज्या गोष्टीसाठी संगणकाला वेगळा नियम लिहून द्यावा लागला, ती सहा वर्षांच्या मुलाला एका वाक्यात कळावी, अशी अपेक्षा आपण ठेवतो.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल इतकंच म्हणेन की 'किती'मधली पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी आपल्या रोजच्या बोलण्यात कानाला फारशी वेगळी लागत नाही. त्यामुळे पहिलीच्या वहीत त्यावर लाल शाई नको. तसंच 'पानी'चं. घरी पानी म्हणणाऱ्या मुलानं पानी लिहिलं, तर त्याचा कान शाबूत आहे आणि आवाजाला अक्षर लावण्याची युक्ती त्याला साधली आहे. आधी शाबासकी द्यायची. पुस्तकात 'पाणी' असं लिहितात, हे नंतर दाखवता येतं. आधीच टोकलं तर मूल कान बंद करतं आणि बाईंच्या तोंडाकडे बघत अंदाज मारायला लागतं.

आता साहित्य. पाण्याच्या बाटल्यांची बुचं, त्यांवर तैलरंगानं अक्षर. काना म्हणजे आइस्क्रीमची काडी. वेलांट्या आणि उकार प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या विजेच्या तारेचे, टोकं आत दुमडलेली. एका बिस्किटाच्या डब्यात सगळं बसतं. र, त, न, ल, क यांची बुचं जास्त करावी लागतात, नाहीतर 'तलवार' आणि 'नारळ' एका वेळी जमत नाहीत. आधी मी चिंचोके आणि खडे वापरणार होते. बाई म्हणाल्या, डबे घरी जातील आणि धाकटी भावंडं ते तोंडात घालतील. म्हणून मोठी बुचंच घेतली.

यातलं काहीच नवीन नाही, हे मुद्दाम सांगते. माँटेसोरीबाईंची खरखरीत कागदाची अक्षरं आणि सुटी, हलवता येणारी मुळाक्षरं शंभर वर्षांपूर्वीची आहेत. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे काम कोसबाडला गेलं. विकतचं महागडं साहित्य खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना कुठून मिळणार, म्हणून त्यांनी शंखशिंपले, बिया, पानं, दगड असं आसपासचंच शिकवण्यासाठी वापरलं. त्यांच्या कामापुढे आमचा बिस्किटाचा डबा म्हणजे काहीच नाही.

डब्याबरोबर एक खेळ येतो, 'खोटे शब्द'. मुलानं बुचं जुळवून असा शब्द करायचा जो जगात नाही आणि शेजाऱ्यानं तो वाचायचा. 'टुमाकी', 'भोलपू', 'गिझाडे'. मग टुमाकी कोण, ती काय खाते, हे ठरवायचं. यातलं मर्म असं की खोटा शब्द पाठ नसतो. पाठांतरानं किंवा चित्र बघून तो सांगता येत नाही, वाचावाच लागतो. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची जी ध्वनिवाचनाची तपासणी होते, तिच्यात चाळीसपैकी वीस शब्द असे बनावट असतात, ते याच कारणानं. आपल्याला तपासणी करायची नाही, पण एखादं मूल वाचतंय की पाठ म्हणतंय, हे टुमाकी लगेच सांगते.

आपल्या शाळेत हे का निकडीचं आहे, ते आता सांगते. कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. मराठवाड्यातून टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात आणि पहिली-दुसरीचा पट अचानक वाढतो. मार्चमध्ये पट्टा पडला की ती मुलं जातात. आपल्या वेळीही यायची, मागच्या बाकावर बसायची आणि एक दिवस दिसेनाशी व्हायची. आपण कधी विचारलं नाही. या मुलांना अ पासून ज्ञ पर्यंत क्रमानं न्यायला वेळच नसतो. इकडे ग पर्यंत झालं, तिकडे गेल्यावर पुन्हा अ. दर वर्षी तीच सुरुवात.

परवाच्या हंगामात बीडकडची एक सात वर्षांची मुलगी होती. बाराखडी सुरात म्हणायची, वाचता काही येत नव्हतं. सकाळी धाकट्याला कडेवर घेऊन यायची. पाच महिन्यांत ती काना, दोन्ही वेलांट्या, उकार आणि मात्रा जोडून तीन-चार अक्षरी शब्द वाचायला लागली, जोडाक्षरं राहिली. जाताना बाईंनी तिला तिचा डबा देऊन टाकला. पुढच्या दिवाळीनंतर ती आली, डब्यासकट. दोन बुचं कमी होती, एक वेलांटी हरवली होती आणि तिच्या जागी केसातली काळी पिन वाकवून ठेवली होती. कडेवरचा भाऊ आता चालत होता आणि 'माझं म' असं म्हणत एक बूच सोडायला तयार नव्हता.

सगळ्यांचं असं झालेलं नाही. पाच महिन्यांत जेमतेम दहा अक्षरं ओळखणारीही मुलं आहेत. आपल्या गावातली, वर्षभर शाळेत येणारी काही मुलं तिसरीत गेली तरी उतारा वाचत नाहीत. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं निपुण भारत सुरू केलं, त्यात २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं ध्येय आहे. 'असर'च्या पाहणीत अक्षरं, शब्द, सोपा उतारा आणि गोष्ट अशा पायऱ्या असतात. त्याच पायऱ्या घेऊन आम्ही बघतो की मूल कुठे उभं आहे आणि तिथून खेळ देतो. इयत्ता कुठली, ते बाजूला ठेवतो. एका बाईंना तीसेक मुलांत हे रोज करणं शक्य नाही. खरी तूट आहे ती मुलाशेजारी बसून ऐकणाऱ्या माणसाची.

म्हणून दुपारच्या प्रस्तावाबद्दल माझं मत आत्ताच मांडते. आपण वर्गणी काढून पहिलीच्या वर्गात स्पर्शाचा मोठा डिजिटल फळा बसवायचं म्हणतोय. माझी रोजीरोटी पडद्यावर चालते, मला पडद्याचं वावडं नाही. पाचवीच्या पुढे भूगोलाला, विज्ञानाला तो जरूर घ्या. पण वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी तो फळा उलटं काम करतो. मुलानं 'मी'वर बोट ठेवलं की यंत्र 'मी' म्हणतं. म्हणायचं तर मुलानं होतं! शिवाय एका वेळी एकाचं बोट फळ्यावर, बाकी एकोणतीस बघ्ये. मुलांना तो आवडेल, यात शंका नाही. आवडणं आणि वाचता येणं यांची गल्लत होऊ नये, इतकंच.

माझी मागणी अशी. फळ्याच्या पैशात गावातली एखादी बारावी किंवा डी.एड. झालेली ताई दोन वर्षं, रोज दीड तास, मानधनावर ठेवू या. ती बाईंच्या हाताखाली काम करील, पाच-पाच मुलं घेऊन बसेल आणि फक्त ऐकेल, खेळेल, जुळवून घेईल. मानधन शाळा समितीमार्फत जावं, आपण मध्ये येऊ नये. त्याबरोबर चाळीस डबे, म्हणजे हंगामी मुलांना जाताना देता येतील. आणि आपल्यातले आठ जण हवेत, प्रत्येकानं दोन महिन्यांतून एक शनिवार. मी आहेच, म्हणजे सात. पुणे-मुंबईवाल्यांनी अंतराचं कारण सांगू नये. इथे राहणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

र बद्दल बोलायचं राहिलं. प्र, ट्र, र्क आणि ऱ्या अशी त्याची चार सोंगं, आणि सूर्यातला र्य वेगळा, दऱ्यांतला ऱ्य वेगळा. ती दुसरीतली गोष्ट आहे आणि माझी वेळ संपली, असं बाई खूण करतायत.

चार डबे बाहेर चहाच्या टेबलावर ठेवले आहेत, मधल्या सुट्टीत उघडून बघा. ज्यांना हे सगळं पोरखेळ वाटलं असेल त्यांनी त्या बुचांनी 'वऱ्हाड' जुळवून दाखवावं. आणि जेवताना पाण्याच्या बाटल्यांची बुचं कचऱ्यात टाकू नका, दाराशी पोतं ठेवलंय.